कोरसमधला तिसरा आवाज

एप्रिल लागला की आमच्या हिंगोलीत उन्हावर आवाजांचा एक थर चढतो. चौकात निळ्या पताका लागतात, मांडवाचे बांबू रोवले जातात, आणि भर दुपारी कुणीतरी माइकवर फुंकर मारून बघतो. मी शाळेत पेपर तपासत बसलेली असते. खिडकीची काच थरथरते, हातातली लाल पेन्सिल थांबते. जयंतीचे दिवस आहेत, ऊर भरून यावा असेच आहेत, आणि माझाही येतो. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी जागं होतं. ते सांगायला मला बरीच वर्षं लागली. मला या दिवसांत हेवा आठवतो.

माझ्यासारख्या कुरुंदा गावच्या पोरीला हेवा कसा चिकटतो हे सांगायचं तर हळदीचंच सांगावं लागेल. आमच्या गावात फाल्गुन-चैत्रात हळद शिजते. मोठाल्या कढयांतून वाफ निघते, आणि तो मातकट, उग्र वास कपड्यांत, केसांत, पोळीतसुद्धा उतरतो. धुतला तरी जात नाही. माझे बाबा त्या कढयांवर कामाला असायचे. घरी आले की त्यांच्या हाताच्या रेषा पिवळ्या दिसायच्या. त्याच हातांनी ते संध्याकाळी खंजिरी घ्यायचे, कारण हंगाम संपला की गायन पार्टीचे दिवस सुरू व्हायचे.

पार्टी सोपानकाकांची. ते आमच्याच गल्लीतले, बाबांच्या बरोबरीचे. मुख्य गायक ते, आणि मागे कोरसला तिघं. त्या तिघांत तिसरे माझे बाबा, किसन. माझ्या जन्माच्या आधी ही पार्टी एकदा मुंबईला जाऊन आली होती. तिथल्या एका लहान कंपनीनं त्यांची दोन गाणी रेकॉर्ड केली आणि बशीएवढी एक काळी तबकडी काढली. प्रत्येकाला एकेक मिळाली. मधल्या लाल कागदावर गाण्याचं नाव होतं, त्याखाली सोपानकाकांचं पूर्ण नाव, आणि त्यापुढे बारीक अक्षरात ‘आणि पार्टी’. माझे बाबा त्या दोन शब्दांत होते.

आमच्याकडे ती तबकडी होती, पण वाजवायला काही नव्हतं. टॉवेलात गुंडाळून ती पत्र्याच्या ट्रंकेत, आईच्या एकुलत्या रेशमी लुगड्याखाली ठेवलेली असायची. रेकॉर्ड वाजवायचं यंत्र फक्त सोपानकाकांच्या घरी. म्हणजे माझ्या बापाचा आवाज ऐकायला मला दुसऱ्याच्या घरी जावं लागायचं.

मी सहावीत असेन, नव्वद सालानंतरची गोष्ट. गावात तोवर टेपरेकॉर्डर बरेच झाले होते, पण हे गाणं कॅसेटवर कधी आलंच नाही. जयंतीच्या आठवड्यात सोपानकाका ते यंत्र ओट्यावर काढायचे. आम्ही पोरं जमिनीवर बसायचो, मोठी माणसं भिंतीला टेकून. सुई ठेवायचा मान त्यांच्या पोरीचा, वंदनाचा. ती माझ्याच वर्गात होती. दोन वेण्या पाठीवर टाकून ती वाकायची, श्वास रोखून तो दांडा उचलायची आणि अलगद सोडायची. आधी तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चुरचुर आवाज, मग हार्मोनियम, मग सोपानकाका.

गाणं तळ्यावर पाणी भरायला निघालेल्या एका मायचं होतं. ‘घागर भरून घे गं माये, तळं आपलं आहे,’ असं त्याचं धृपद. सोपानकाकांचा आवाज खणखणीत, उन्हात पितळ चमकावं तसा. ते एकदा म्हणायचे आणि मागून तिघं तेच उचलायचे. मी कान ताणून त्या तिघांतून बाबांना वेगळं काढायचा प्रयत्न करायची. मला ते कधी सापडायचे नाहीत.

एकदा वंदनानं विचारलं, “तुझे बाबा कुठं हायत यात?”

“कोरसात.”

“कोरसात तर कुनीबी म्हनतं,” ती म्हणाली. वाईट मनानं नाही. पाऊस वरून पडतो असं सांगावं तसं.

त्या दिवशी मला राहवलं नाही. घरी आई-बाबांच्या बोलण्यात मी एक गोष्ट बरेचदा ऐकली होती. दुसऱ्या कडव्यानंतर धृपद परत येतं, तेव्हा ती ओळ सोपानकाकांची नाही, बाबांची आहे, एकट्या बाबांची. आई म्हणायची, “सोडा की आता ते.” बाबा सोडायचे नाहीत. मी सगळ्यांसमोर सोपानकाकांना विचारलं, “काका, दुसऱ्या कडव्याची ती ओळ माझ्या बाबांनी म्हणली ना?”

सोपानकाका चष्मा पुसत हसले. “किसन्याला इचार,” म्हणाले.

बाबा उंबऱ्याजवळ बसले होते. खाली बघून पिवळ्या नखानं जमीन उकरत राहिले. वंदना म्हणाली, “मग वरती त्यांचं नाव काहून न्हाई?”

मी उठून घरी आले. पुढची कितीतरी वर्षं शाळेत गॅदरिंग आलं की बाई म्हणायच्या, वंदनाला पुढं घ्या, गायकाची पोर आहे. तिचा आवाज बेताचाच होता. मी मागच्या रांगेत उभी राहून तिच्या वेण्यांकडे बघत गायची, आणि मनातल्या मनात त्या वेण्या ओढायची.

मी शिकले, डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. परभणीतून हिंगोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी नवीन नवरी होते. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. येताना एक ट्रंक आणली, आणि ट्रंकेत टॉवेल, टॉवेलात तबकडी. त्यांनी ती कपाटात माझ्या साड्यांखाली ठेवली. विचारलं नाही, ठेवली.

मग सगळ्या शिक्षकांना संगणकाचा कोर्स करावा लागला आणि आमच्या घरी संगणक आला. त्याच्यावर झाकायला मी क्रोशाचा रुमाल विणला होता. कोर्सच्या सरांनी एकदा बोलता बोलता सांगितलं की मागच्या निळ्या भोकात तार घातली तर बाहेरचा आवाज आत घेता येतो, रेडिओ म्हणा, टेप म्हणा, जुनी रेकॉर्ड म्हणा. सर पुढे काय बोलले ते मी ऐकलं नाही. मला आमच्या साड्यांखालची तबकडी दिसत होती.

यंत्र कुठून आणायचं हा प्रश्न होता. सोपानकाकांकडे मागायचं नाही एवढं ठरलेलं. शोधता शोधता कनेरगाव नाक्याच्या हमीदभाईंचं नाव कळलं. त्यांचा माइक आणि मांडवाचा धंदा. लग्नांत तबकड्या वाजत होत्या तेव्हापासूनचं एक यंत्र त्यांनी जपून ठेवलं होतं. मी निरोप पाठवला आणि एका रविवारी ते स्वतःच आले, लुनाच्या पायरीवर गोणपाटात गुंडाळलेलं यंत्र घेऊन.

“मशीन देऊन टाकली असती, मॅडम,” ते म्हणाले, “पन सुई मी कुनाच्या हातात देत न्हाई. म्हनून आलो.”

तबकडी बघितल्यावर त्यांनी ती दोन्ही तळव्यांच्या कडांत धरली, उजेडात तिरकी केली. “तवा चांगला हाय. वाजवलेलाच न्हाई कुनी.” मग वाटीत पाणी मागितलं, मऊ मलमल मागितली, आणि रेषांच्या दिशेनं गोल गोल पुसत बसले. बाबा त्यांच्या समोर मांडी घालून बसले होते, एखाद्या लेकराला डॉक्टर तपासत असावा तसे बघत.

यंत्राच्या मागून हमीदभाईंनी तार काढली, तिला बारीक पिन डकवली, ती निळ्या भोकात गेली. पहिल्या वेळी आवाज इतका मोठा आला की पडद्यावरची रेघ वरखाली टोकांना जाऊन आपटली आणि सगळं फाटल्यासारखं ऐकू आलं. दुसऱ्या वेळी अर्ध्यात वीज गेली. त्या वर्षी भारनियमनाचं वेळापत्रक आम्हाला शाळेच्या वेळापत्रकापेक्षा पाठ होतं. पण तबकडी वेगानं काही सरकत नाही. तीन मिनिटांचं गाणं तीन मिनिटंच घेतं, आणि ती तीन मिनिटं तुम्ही तिच्यासमोर बसायचं. तिसऱ्या वेळी ते पूर्ण उतरलं. चुरचुर, हार्मोनियम, सोपानकाका, कोरस.

बाबा पडद्याजवळ गेले. आवाजाच्या उंच-सखल रेघा बघून म्हणाले, “हे नांगरलेल्या रानावानी दिसून राहिलं.” मग जरा थांबून, “यातला मी कुठं हाय?”

“सगळं एकत्रच आहे, बाबा.”

“मंग असं कर,” ते अगदी साधेपणानं म्हणाले. “सोपान्याचा आवाज कमी कर अन् माझा वाढव.”

हमीदभाई हसले. मी हसले नाही. मला तेच पाहिजे होतं, सहावीपासून.

परीक्षा संपल्या, पेपर तपासून झाले, आणि मे महिन्याच्या त्या सुट्टीत मी दुसरं काहीच केलं नाही. सकाळचं काम आवरून कानाला हेडफोन लावून बसायची. संगणकाच्या सरांनी एक प्रोग्राम दिला होता. त्यात जाड आवाज वेगळा उचलता येई, बारीक वेगळा. मी सोपानकाकांचा पितळी आवाज दाबायला जायची आणि त्याच्याबरोबर हार्मोनियम बुडायची, कोरस बुडायचा, बाबाही बुडायचे. जुनी एकपदरी रेकॉर्ड, सगळे एकाच माइकसमोर उभे राहिलेले. त्यांना वेगळं करणं म्हणजे खिचडीतून मीठ काढणं. तरी मी हटत नव्हते. माझ्या नवऱ्यानं एकदा विचारलं, “एवढं काय शोधून राहिलीस?” मी म्हटलं, माझा बाप.

शेवटी मी कोरस सोडला आणि ती एक ओळ धरली. दुसऱ्या कडव्यानंतरची. तेवढाच तुकडा कापून पुन्हा पुन्हा ऐकला. आवाज तिथे जरा वेगळा वाटायचा, दबका, पण गाता गाता कुणाचाही आवाज दबतो. वीसदा ऐकलं, पन्नासदा ऐकलं. मग एका दुपारी कूलरच्या घरघरीत बसलेली असताना मला ते ऐकू आलं, आणि इतके दिवस ऐकू कसं आलं नाही याचंच नवल वाटलं. गाण्यात सगळीकडे ‘तळं आपलं आहे’ होतं. फक्त त्या एका ओळीत ‘तळं आपलं हाय’ होतं.

बाबा बाहेर बाजेवर पडले होते. मी जाऊन विचारलं, “बाबा, मुंबईला तिथं तुम्ही ‘आहे’ का नाही म्हणलं?”

ते उठून बसले. “सापडलं व्हय तुला,” म्हणाले. मग हळूहळू सांगितलं. तिथल्या साहेबांनी सकाळपासून घोकून घेतलं होतं, ‘हाय’ नाही, ‘आहे’ म्हणा. सोपाननं लगेच उचललं. बाबांच्या तोंडात ते बसेना. कोरसात तिघं होते म्हणून खपून गेलं. मग दुसऱ्या कडव्याच्या शेवटी सोपानचा दम तुटला. कार्यक्रमात तो असा अडला की बाबा ओळ उचलायचे, तशी सवयच होती. तिथेही उचलली. साहेब चिडले, पण वेळ संपली होती, दुसरी पार्टी दारात उभी होती. म्हणाले, राहू द्या.

“राह्यलं,” बाबा म्हणाले. “पस्तीस वरीस राह्यलं. पन त्यानं एकदाबी म्हनलं न्हाई, की किसन्याची वळ हाय ती.”

त्या दिवशी आम्ही बापलेक इतके खूश होतो की मी शिरा केला.

आणि त्याच आठवड्यात वंदनाचा फोन आला. ती वसमतला नर्स होती, लग्नानंतर आमचं बोलणं जयंतीपुरतंच. वैशाखी पौर्णिमेला कुरुंद्यात सोपानकाकांचा सत्कार ठरला होता. “बाबांची रेकॉर्ड तडकली गं,” ती म्हणाली. “तू कंप्युटरमधी घेतली म्हने. एक सीडी दे ना करून. सत्काराच्या आधी लावू.”

मी म्हणाले, देते. आवाज माझा मलाच गोड वाटला.

मी दोन सीड्या केल्या. एक जशी रेकॉर्ड तशी. दुसरीत सगळं गाणं मी खाली दाबलं, इतकं की कान द्यावा लागावा, आणि ती एक ओळ जाईल तेवढी वर नेली. बाबांनी सांगितलं होतं तेच, मला जमेल तसं. दुसरीवर निळ्या शाईचा ठिपका दिला. पर्समध्ये दोन्ही ठेवल्या. वाटेत औंढ्याला चहा घेताना वाटलं, साधीच द्यावी. मी आणि बाबा कुरुंद्यात पोचलो. वंदना स्टेजवर फुलं लावत होती, जरीच्या निळ्या साडीत. तिनं मला बघून हात केला, आणि मी पर्समध्ये हात घालून ठिपक्याची सीडी काढली.

माइक हमीदभाईंचाच होता. उन्हं कलली होती, विहारासमोरचं अंगण भरलं होतं. वंदनानं सांगितलं की आता ते गाणं, आणि गाणं सुरू झालं. कुणाला काही ऐकू येईना. मागची माणसं ‘आवाज, आवाज’ करू लागली. हमीदभाईंनी बटन फिरवलं, आणखी फिरवलं, शेवटपर्यंत नेलं. सोपानकाका स्टेजवर शाल पांघरून बसले होते, कानामागे हात धरून स्वतःला ऐकायचा प्रयत्न करत. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. आणि मग माझ्या बापाचा आवाज त्या अख्ख्या मांडवावर कोसळला. ‘घागर भरून घे गं माये.’ कर्णे किंचाळले. लेकरं कान दाबून हसू लागली. एक म्हातारी दचकून उठली. हमीदभाईंनी घाईनं बटन खाली आणलं तोवर ओळ संपली होती.

वंदना माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं. मी नजर हटवली नाही.

सोपानकाका उठले. गाणं बंद करायला सांगितलं, माइकपाशी आले. मला वाटलं, आता चिडतील. ते म्हणाले, “आता जी वळ तुमी ऐकली, ती माझी न्हाई. माझा दम सुटला व्हता तवा. ती किसननं उचलली. पस्तीस वरीस मी तिच्यावर टाळ्या घेऊन राहिलो. किसन, वर ये.”

बाबांना लोकांनी ढकलत वर नेलं. सोपानकाकांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून त्यांना घातली. टाळ्या थांबेनात. बायका डोळ्याला पदर लावत होत्या. माझ्या शेजारचे एक गुरुजी म्हणाले, “काय मन आहे हो या माणसाचं. दुसऱ्या कुणी कबूल केलं असतं का?” आणि मला कळलं, की या सगळ्या टाळ्या सोपानकाकांना पडताहेत.

परत येताना काळी-पिवळी जीप होती. बाबा खिडकीशी, वैशाखातल्या त्या उकाड्यात लोकरीची शाल मांडीवर घडी करून. औंढा मागे पडेपर्यंत ते तीच घडी उलगडून पुन्हा घालत राहिले. मग म्हणाले, “शालबी त्याचीच. मोठेपनबी त्याचंच.”

मला त्या दिवशीच्या वागण्याची लाज वाटायला हवी होती. वंदनाचा चेहरा आठवून आज वाटते. त्या जीपमध्ये नाही वाटली. त्या जीपमध्ये आम्ही दोघं हरून परत चाललो होतो, आणि जिंकलेला माणूस आमच्याशी चांगलं वागला होता. त्याचा राग कसा करावा हे आम्हाला कळत नव्हतं.

पुढे दहा-बारा दिवस बाबांनी संगणकाकडे पाहिलं नाही. मग एका सकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून ते माझ्यासमोर आले. “या पेटीत आपुन म्हनलेलं जातं का?”

“जातं.”

मी कोर्सचा छोटा माइक लावला. बाबा खुर्चीवर बसले नाहीत, उभे राहिले. खंजिरी मागितली. आणि धृपद पहिल्यापासून म्हणायला लागले, एकटे. आवाज फाटका होता, श्वास लवकर संपत होता, पण ओळ सरळ होती. पहिलं धृपद झालं आणि ते थांबले. तोंड किंचित मागे वळलं. तिथे कोरस यायचा असतो. भिंत होती. त्यांनी पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबले.

“मागून कुनी म्हनाय पायजे,” म्हणाले.

“मी म्हणू का, बाबा?”

मला आजही आठवतं, मी ते किती हळू विचारलं. आयुष्यात त्यांनी मला गाणं कधी शिकवलं नव्हतं. पोरीनं शिकावं, पुस्तक शिकावं, एवढीच त्यांची आस. गल्लीत खंजिरी वाजायची तेव्हा मी कंदिलापाशी पाढे म्हणत असायची.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विचारही केला. “तुला न्हाई जमायचं, पोरी,” म्हणाले. “सोपान्याला बोलव.”

मी वंदनाला फोन केला. मी आधी सीडीबद्दल बोलले. ती म्हणाली, “म्हाईत हाय मला. मीबी केलं असतं.” मग तिनं विचारलं, कधी यायचं.

रविवारी ती सोपानकाकांना घेऊन आली. बाबांनी जयभीम केला, पाणी दिलं, आणि बसू न देता त्यांना मागे उभं केलं. “ह्या बारीला कोरस तू.”

“बराबर हाय,” सोपानकाका म्हणाले आणि उभे राहिले.

मी रेकॉर्डिंगचं बटन दाबलं. बाबांनी धृपद म्हटलं, सोपानकाकांनी मागून उचललं, आणि त्या खोलीत बाबा दिसेनासे झाले. पंचाहत्तरी जवळ आलेला तो माणूस, पण आवाज अजून पितळेचा. बाबांनी हात वर केला.

“हळू म्हन की. हितं मी हाय.”

“सवय न्हाई रं मला मागं राह्यची.”

“मंग शीक.”

आणि बाबा शिकवू लागले. पुढच्याचा शेवटचा शब्द संपू द्यायचा नाही, संपत आला की खालून धरायचा. तोंड त्याच्या पाठीकडे ठेवायचं. त्याचा श्वास मोजायचा, आपला नाही. तो चुकला तर आपणही तसंच चुकायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला चूक वाटत नाही. मी ते कधीच ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, कोरसात कुणीही म्हणतं. सोपानकाका मान डोलावत, चुकत, परत म्हणत होते. एकदा त्यांनी इतकं मऊ धरलं की बाबांनी वळून त्यांच्या दंडावर थाप मारली. “हां. हे.” दोघं हसले. तसं हसताना मी बाबांना घरात कधी पाहिलं नव्हतं, आई असतानाही नाही.

वंदना खाली बसून दोघांकडे बघत होती, हनुवटी गुडघ्यावर ठेवून. तिचे डोळे भरले होते. माझे भरायला हवे होते. मी त्या दोन म्हाताऱ्यांकडे बघत होते आणि मला सोपानकाकांचा हेवा वाटत होता, पूर्वी कधी वाटला नव्हता इतका. नावाचा नाही, शालीचा नाही. दोन तास माझा बाप त्यांना आपल्या जवळचं सगळं देत होता, आणि त्यातलं थोडंसुद्धा मागायला मला कधी सुचलं नव्हतं. सुचलं तेव्हा जमायचं नाही असं ठरलं होतं.

मी उठले आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. माइक चालू आहे हे मला माहीत होतं. तरी मी पातेलं जोरात ठेवलं, बशा एकावर एक आपटल्या, नळ मोठा सोडला.

आता दोघंही नाहीत. ती रविवारची फाइल माझ्याकडे आहे. त्यात गाणं एकदाही पूर्ण झालेलं नाही. नुसतं शिकवणं आहे, चुकणं आहे, हसणं आहे. एप्रिलमध्ये बाहेर डीजेच्या पेट्यांच्या भिंती गरजायला लागल्या की मी दार लावून ती ऐकते. सोपानकाका मऊ धरतात, बाबा ‘हां’ म्हणतात, आणि त्याच्यावर बशा आपटल्याचा आवाज येतो. तो काढून टाकायला मला पाच मिनिटं पुरतील. मी काढलेला नाही. बापाच्या त्या एका गाण्यात माझा म्हणून तेवढाच आवाज आहे.